जुनी तेलगिरणी पाडायची की ठेवायची?

गावठाणातला: पंचवटीतली आमच्या गल्लीची बंद तेलगिरणी पाडून तिथे सात मजली इमारत येतेय म्हणे. ती वाचावी म्हणून आम्ही दहा-बाराजण सह्या गोळा करतोय. मागच्या आठवड्यात आत डोकावलो. वर सागवानी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे), मंगलोरी कौलं. घाणे केव्हाच भंगारात गेले, पण ते होते तिथली फरशी अजून काळी तुळतुळीत. पाऊस झाला की भिंतींना पेंडीचा वास सुटतो (हसू नका, स्वतः घेतलाय). आपल्याकडे वाडा म्हटला की वारसा, गिरणी म्हटली की भंगार. १८८९ची घोड्यांची ट्राम मेनरोडवरून नाशिकरोड स्टेशनपर्यंत जायची. आज तिचा वीतभर रूळ दाखवा पाहू.

अकरावा वारस: दादा, तुम्ही सह्या घेताय त्या गिरणीच्या प्रॉपर्टी कार्डावर अकरा नावं आहेत. एक माझं. पावसाळा आला की धोकादायक बांधकामाची नोटीस ठरलेली. गेल्या वर्षी मागची भिंत शेजाऱ्यांच्या स्कूटरवर पडली, भरपाई आम्ही दिली, तेव्हा सह्यावाले कुठे होते? कैच्या सागवानी खऱ्या, पण दोन ठिकाणी बोट घातलं की भुसा निघतो.

नाशिकरोडकर: वारसांशी सहमत. नाशिकरोडचा प्रेस १९२५ पासून टिकला, कारण तिथे आजही छपाई चालते. कुलूप लावलेली वास्तू फक्त उंदरांची. आत काय चालवणार ते आधी ठरवा. आणि कृपा करून कॅफे नको, रस्त्याला पाच झालेत.

परळची माहेरवाशीण: मुंबईत १९९१च्या विकास नियमावलीतल्या नियम ५८ने कापड गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: पालिका, म्हाडा, मालक. २००१ला दुरुस्ती झाली आणि वाटणी मोकळ्या जागेपुरतीच उरली. २००६ला सुप्रीम कोर्टानेही ती उचलून धरली. लोअर परळला मॉलच्या आवारात चिमणी तेवढी उभी आहे. बाबा गिरणीत साचेखात्यात (विणकामात) होते. त्यांना दाखवायला नेलं, तर भोंगा किती वाजता व्हायचा तेवढंच सांगत बसले, आत यायलाच तयार नाहीत. नुसती चिमणी ठेवून 'वाचवलं' म्हणू नका, भाऊ. तुमच्या गिरणीत हमाली कुणी केली, घाण्यावर कोण होतं, ते निदान लिहून घेतलंत का?

गावठाणातला: ताई, नाही घेतलं. चुकलंच. एक म्हातारे हमाल अजून आहेत, त्यांच्याकडे जातो. वारसदादा, वारसा यादीत नाव लागलं तर टीडीआर, म्हणजे इथलं न वापरलेलं बांधकाम दुसरीकडे करायचा हक्क, मिळू शकतो. तो विकून छप्पर होईल की.

अकरावा वारस: यादीत गेलं की खिळा ठोकायलाही परवानगी. टीडीआरचा कागद हातात पडेपर्यंत अकराचे पंधरा वारस होतील. रस्त्याकडची दर्शनी भिंत आणि दोन चांगल्या कैच्या नव्या इमारतीत घेता आल्या, तर मी घरात विषय काढीन. आख्खी गिरणी विसरा.

गावठाणातला: दोन कैच्या म्हणजे शोपीस झाला हो. ताई आत्ताच तेच म्हणाल्या. निदान पाडण्याआधी मापं तरी घेऊ द्या.

अकरावा वारस: रविवारी या. चावी धाकट्या काकांकडे असते, मी सांगून ठेवतो. जाड तळाचे बूट घाला, आत खिळे पडलेत. आणि त्यांच्यापुढे 'वारसा' हा शब्द काढू नका, वाटणीचं बोलताय असं वाटेल त्यांना.