रत्नागिरी शहरात राहावं की थेट गणपतीपुळ्याला?

आळशी_पुणेकर: डिसेंबरात आईबाबांना घेऊन येतोय, ट्रेनने. बाबांचे गुडघे दुखतात. सगळे म्हणतात पुळ्यालाच राहा, शहरात खरंच काही नाही का हो?

भाट्येवाला: नाही कसं! मुक्काम शहरातच टाका. स्टेशन गावाबाहेर कुवारबावला आहे, तिथून रिक्षा मिळते. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ला गादीवरून काढून नंतर इथे आणून ठेवलं, बिचारा १९१६ला इथेच गेला, त्याचा राजवाडा निवांत बघा आणि संध्याकाळी थिबा पॉइंटवरून खाली भाट्याची खाडी. टिळकांचं जन्मघर, १९३१चं पतितपावन मंदिर रिक्षाने सहज होतं. रत्नदुर्गाला थोडं चढावं लागतं, बाबांना विचारून ठरवा.

चाकरमानी_७०: +१. पुळ्याला जायचंच तर निवळीवरून नको, आरे-वारेच्या किनाऱ्याने जा, पंचवीसेक किमी आहे पण दर वळणावर गाडी थांबवाल. प्रदक्षिणा म्हणजे अख्ख्या डोंगराला फेरी, बाबांना देवळाबाहेर बसवा. समुद्रात मात्र उतरू नका, ओढ वाईट आहे तिथे. तसंच पुढे मालगुंडला केशवसुतांचं घर.

पावसकरीण: सगळे उत्तरेलाच काय पळता? आमच्या पावसला स्वामी स्वरूपानंदांचा मठ, पुढे पूर्णगड, कशेळीचं कनकादित्याचं सूर्यमंदिर, एक दिवस मस्त जातो, गर्दी पण कमी.

आळशी_पुणेकर: भारी! आंबे मिळतील ना?

भाट्येवाला: डिसेंबरात?? मोहोर बघा आणि सोलकढी प्या 😄