मदत हवी आहे: कंपनीतली सक्तीची लस आणि 'न घेण्याचे कारण' हा रकाना

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला म्हसरूळमध्ये राहते. दिंडोरीच्या बाजूला फळांचा गर काढणाऱ्या एका कंपनीत चार वर्षं पॅकिंग लाइनवर आहे, कॉन्ट्रॅक्टरमार्फत. आंब्याचा सीझन सुरू व्हायच्या आधी दर वर्षी सगळ्यांचं मेडिकल होतं. त्वचा, डोळे, नखं, रक्त सगळं बघतात. त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. लोकांच्या पोटात जाणाऱ्या वस्तूला हात लावायचा तर ते व्हायलाच हवं.

या वर्षी टायफॉइड आणि कावीळ ए अशा दोन लशींचा कॅम्प लागला. गेटवर नोटीस लागली की लस न घेणाऱ्यांना लाइनवर घेणार नाही. इथपर्यंतही ठीक. पण मग एचआरने लाइनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक शीट टाकली. नाव, टोकन नंबर, लस घेतली का, आणि शेवटचा रकाना 'न घेण्याचे कारण'. ग्रुपमध्ये शंभराच्या वर माणसं, सुपरवायझरपासून बसच्या ड्रायव्हरपर्यंत.

माझ्या शेजारी उभी राहणाऱ्या एका मुलीने साधेपणाने लिहून टाकलं, 'दिवस गेले आहेत'. दोनच महिने झाले होते, घरी फक्त नवऱ्याला माहीत होतं. तिची जाऊ आमच्याच कंपनीत दुसऱ्या शिफ्टला आहे, त्याच ग्रुपमध्ये. संध्याकाळी ती बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली होती, एक शब्द बोलली नाही.

माझा रकाना अजून रिकामा आहे. मला अडीच वर्षांपासून आमवात आहे. दर रविवारी मेथोट्रेक्सेटची गोळी घेते. त्याने प्रतिकारशक्ती थोडी दबते. माझ्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, टायफॉइडचं इंजेक्शन चालेल, पण आत्ता सांधे सुजलेत आणि डोस बदलतोय, तेव्हा दीड महिना थांबा. कावीळ ए ची लस मात्र दोन प्रकारची मिळते, एक दुबळ्या केलेल्या जिवंत विषाणूची आणि दुसरी मेलेल्या विषाणूची. जिवंत लस तुम्ही घ्यायची नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं. मी कॅम्पवाल्यांना विचारलं की तुमच्याकडची कुठली? त्यांनी खोकं उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, सगळ्यांना हीच देतोय."

मी लशीच्या विरोधात नाही हो. २०२१ मध्ये नाशिकमध्ये काय काय पाहिलं ते मी विसरलेले नाही. २१ एप्रिलला झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली, त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या एका घरचं माणूस तिथे होतं. त्यानंतर कोविडचे दोन्ही डोस मी पहाटेपासून रांगेत उभं राहून घेतले.

पण आमवात आहे हे कंपनीत कळलं की 'हिला जड काम जमणार नाही' म्हणून पुढच्या सीझनला कॉन्ट्रॅक्टर बोलावणार नाही, ही भीती आहे. आणि त्या गोळीवर असताना मूल होऊ द्यायचं नसतं. गोळीचं नाव कळलं की त्यावरून जी चर्चा होईल, ती मला नको आहे. ती गोष्ट माझी आणि माझ्या नवऱ्याची आहे.

तर मी कारण सांगायला बांधील आहे का? कुणाला, किती? आणि सांगितलं नाही तर ते मला खरंच घरी बसवू शकतात का? कुणी अशातून गेलं असेल तर कृपया लिहा. सोमवारपर्यंत रकाना भरायचा आहे.

—

प्रतिसाद १

ताई, मी कामगार न्यायालयात वकिली करते. कोविडच्या वेळचा निकाल तुम्हाला कुणीतरी पाठवेलच, पण त्यावर सगळी मदार ठेवू नका. २ मे २०२२ ला जेकब पुलियल खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की स्वतःच्या शरीरावरचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये येतो आणि कुणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही. लस न घेतलेल्यांवरची बंधनं कोर्टाला अवाजवी वाटली, कारण त्यांच्याकडून संसर्ग जास्त पसरतो असं दाखवणारी माहिती सरकारांनी पुढे ठेवली नव्हती. पण त्याच निकालात हेही आहे की सार्वजनिक आरोग्यासाठी मर्यादा घालता येते. ती कायद्याने घातलेली हवी, हेतू योग्य हवा आणि गरजेपुरतीच हवी. ही कसोटी २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालातली, जिथे नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला.

तुमच्या धंद्यात कायदा आहे. अन्न व्यवसायाच्या परवान्याचे २०११ चे विनियम, परिशिष्ट ४. त्यात वर्षातून एकदा तपासणी आणि टायफॉइडच्या गटातल्या आजारांविरुद्ध लस सक्तीची आहे, आणि त्याची नोंद ठेवायची आहे. युरोपात लोक हाच वाद युरोपीय मानवी हक्क करारातल्या कलम ८ खाली, म्हणजे खासगी जीवनाच्या हक्काखाली नेतात. तिथेही ८ एप्रिल २०२१ ला चेक प्रजासत्ताकातल्या मुलांच्या सक्तीच्या लशींबाबत युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने सरकारचीच बाजू उचलून धरली. त्यामुळे 'टायफॉइडची लस मुळीच घेणार नाही' असं म्हणाल तर तुमची बाजू लंगडी पडेल. तुम्ही तसं म्हणत नाही, हे तुमच्या फायद्याचं.

आता रकान्याचं. त्या विनियमांबरोबर जो प्रमाणपत्राचा नमुना आहे, त्यात नोंदणीकृत डॉक्टरने एवढंच लिहायचं की या व्यक्तीला संसर्गजन्य आजार नाही आणि ती कामाला योग्य आहे. आमवाताचं नाव किंवा गोळीचं नाव कुणी मागितलेलं नाही. शिवाय आयटी कायद्याखालचे २०११ चे नियम आरोग्याची स्थिती आणि वैद्यकीय नोंदी संवेदनशील माहिती मानतात. ती गोळा करायला लेखी संमती लागते. शंभर जणांच्या ग्रुपवर शीट फिरवणं कुठल्याच गरजेत बसत नाही.

डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून घ्या: 'वैद्यकीय कारणास्तव लसीकरण अमुक तारखेपर्यंत पुढे ढकलले आहे, संसर्गजन्य आजार नाही.' बंद पाकिटात एचआरच्या हातात द्या आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या. रकान्यात फक्त 'प्रमाणपत्र सादर' लिहा.

—

प्रतिसाद २

ताई, मी सिन्नरला एका फूड युनिटमध्ये क्वालिटी बघतो, म्हणजे तुमच्या एचआरच्या बाजूचा माणूस. लशीचा आग्रह आम्ही का धरतो ते सांगतो. टायफॉइड होऊन बरं झालेल्या काही जणांच्या पित्ताशयात जंतू वर्षानुवर्षं राहतात. त्यांना स्वतःला काही होत नाही, पण हात नीट धुतले नाहीत तर मालात उतरतात. एक बॅच गेली की किती घरांत जाईल याचा हिशेब नाही. मला खरंच झोप लागत नाही अशा विचाराने.

पण ऑडिटर माझ्याकडे लशीचं रजिस्टर मागतो. लस न घेण्याचं कारण त्याने आजवर कधी विचारलेलं नाही. आमच्याकडे सूट असेल तर 'तात्पुरती वैद्यकीय सूट' आणि पुढची तारीख एवढंच लिहितो, डॉक्टरचा कागद कुलपात. तेवढे दिवस त्या माणसाला उघड्या मालापासून लांब ठेवतो, कार्टन किंवा लेबलिंगला. तुम्ही स्वतःहून तसं सुचवून बघा. कावीळ ए ची लस त्या विनियमात नाव घेऊन सांगितलेली नाही, ती तुमच्या कंपनीने वाढवली आहे. तिच्यासाठी गेट बंद करणं मला पटत नाही.

—

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सोमवारी पाकीट दिलं. एचआर सर आधी म्हणाले, "आजाराचं नाव लिहून आणा." मी सांगितलं की नमुन्यात ते विचारलेलं नाही. त्यांनी नमुना काढून वाचला, मग फोनवर कुणाशी तरी बोलले, आणि पोच दिली. दीड महिना कार्टनवर काम, पगार तोच. दादा, तुमचं हे सुचवलेलं फार उपयोगी पडलं. शीटमधून तो रकाना काल काढला.

माझं निभावलं. पण जुन्या शीटचे फोटो ग्रुपमध्ये तसेच आहेत. ती मुलगी शुक्रवारपासून कामावर आलेली नाही, फोनही उचलत नाही. ते फोटो काढायला लावायचे तर अर्ज कुणाच्या नावाने करू, कंपनीच्या की कॉन्ट्रॅक्टरच्या? आणि तिच्या वतीने मी केलेला चालेल का, की तिचीच सही लागेल?