साइट सुपरवायझरचा रेझ्युमे प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या नोकरीसाठी कसा लिहायचा?

दारव्हा_साइट

नमस्कार मंडळी. मी दारव्ह्याचा, जिल्हा यवतमाळ. सिव्हिलचा डिप्लोमा आहे, आठेक वर्षं साइटवर काढली. आधी एका ठेकेदाराकडे शाळाखोल्या, अंगणवाड्या अशी कामं केली. आता दुसऱ्याकडे ग्रामीण रस्ते करून राहिलो. मालक टेंडर भरतात. कार्यारंभ आदेश हातात आला की पुढचं सगळं माझ्याकडे येते: मुकादम ठरवणं, मुरूम-खडीचा भाव करणं, लेबरचं मस्टर, एमबीसाठी (मोजमाप पुस्तकासाठी) कनिष्ठ अभियंत्यासोबत फिरणं, बिल काढणं. पण कागदावर पद 'साइट सुपरवायझर'.

नागपूर-पुण्याच्या कंपन्यांत 'प्रोजेक्ट इंजिनिअर, हायवे' आणि 'असिस्टंट प्रोजेक्ट मॅनेजर' या जागांसाठी बरेच अर्ज टाकले, एकाही ठिकाणाहून फोन नाही. रेझ्युमे झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून घेतला आहे. चार पानं, वर फोटो, वडिलांचं नाव, धर्म-जात, छंद, शेवटी 'वरील माहिती सत्य आहे'. अनुभवाखाली 'साइटवरील सर्व कामांची देखरेख', 'गुणवत्ता राखणे', 'वेळेत काम पूर्ण करणे' अशा ओळी आहेत. काय बदलू? आणि पहिल्या ठेकेदाराने अनुभवपत्र द्यायला साफ नकार दिला, पीएफही कापला नव्हता. ती वर्षं दाखवायची कशी?

वर्धाकाठ

भाऊ, मुकादम ठरवण्यापासून बिलापर्यंत तुम्ही जे सांगितलं तेच प्रोजेक्ट मॅनेजमेंट आहे. इथे चार ओळींत लिहिलं ते तुमच्या चार पानांत नाही, म्हणून फोन येत नाही.

मी हिंगणघाटकडचा, हायवेच्या कामावर आहे. भरती निघाली की रेझ्युमे चाळायचं काम माझ्याकडे येतं. वाचताना मी आधी हे पाहतो की काम केवढं होतं, कोणत्या खात्याचं होतं आणि त्यात या माणसाच्या हातात नेमकं काय होतं. 'गुणवत्ता राखणे' यातून तिन्हीपैकी काहीच कळत नाही. म्हणून प्रत्येक कामाच्या डोक्यावर एक ओळ द्या: कामाचं नाव, तालुका, योजना (पीएमजीएसवाय म्हणजे प्रधानमंत्री ग्रामसडक, मुख्यमंत्री ग्रामसडक, जिल्हा परिषद निधी, जे असेल ते), लांबी किंवा क्षेत्रफळ, कराराची रक्कम, मुदत आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ. ती वाचली की तुम्ही केवढ्या आकाराचं काम पेललं ते लगेच कळतं.

त्याखाली तुमचं काम. इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडची माणसं नेमकी इथेच कमी लिहितात.

तुमचे रस्ते काळ्या मातीतले. उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग पडते, पावसात तीच माती फुगते, सबग्रेडचा (रस्त्याखालच्या मातीचा) सीबीआर, म्हणजे भार पेलायची ताकद, कमी येतो. पुण्याच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला या मातीचा त्रास ऐकून माहीत असतो, ती हाताळलेला माणूस त्याला हवाच असतो. मग लिहा ना, मुरूम कोणत्या खाणीतून आणला, गौण खनिजाची रॉयल्टी भरून वाहतूक पास कोणी काढले, थर किती जाडीचे टाकले, सँड रिप्लेसमेंटची टेस्ट (थर किती दाबला गेला ते पाहायची) स्वतः घेतली की नुसती शेजारी उभं राहून पाहिली. स्वतः घेतली असेल तर 'स्वतः घेतली' असंच लिहा.

मजुरांचंही तसंच. सोयाबीन काढणी आली की गावात माणूस मिळत नाही आणि त्याला लागूनच कापसाची वेचणी सुरू होते. त्या दिवसांत तुम्ही मोऱ्यांचं काम थांबू दिलं नसेल, मेळघाटातून टोळी आणली असेल किंवा सेंट्रिंगची कामं आधीच उरकून घेतली असतील, तर हे रिसोर्स प्लॅनिंग आहे. जाहिरातीत हाच शब्द असतो, फक्त त्याच्यासोबत सोयाबीन नसतं.

एक ओळ करून दाखवतो. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे खरे टाका. (त्यातले क्यूब म्हणजे ताकद तपासायला केलेले काँक्रीटचे ठोकळे.)

तुमची ओळ: 'काँक्रीट कामाची देखरेख केली.'

माझी ओळ: 'एप्रिल-मे महिन्यांत 9 मोऱ्यांचं काँक्रीट पहाटे 5 ते 9 या वेळेत बसवलं, खडी सावलीत ठेवून पाणी मारलं, ओल्या गोणपाटाने क्युरिंग केलं, 28 दिवसांचे सर्व क्यूब पास.'

40 अंशांच्या वर तापमान असताना काँक्रीट करायचं तर आयएस 7861 या भारतीय मानक कोडचा पहिला भाग लागू होतो. यवतमाळ-वर्ध्यात मे महिना म्हणजे हेच. तुम्ही ते पाळत आला असाल, तर कोडचा नंबर ओळीत टाका. मुलाखतीत त्यावर प्रश्न येईल आणि उत्तर तुमच्या हातात आहे.

आता पैशाची बाजू, जी साइटवरची माणसं लिहितच नाहीत. आरए बिलं (काम चालू असतानाची हप्त्याहप्त्याची बिलं) तुम्ही तयार करता का? वर्षाला साधारण किती रकमेची? बीओक्यूत (करारातल्या कामांच्या यादीत) नसलेला काही आयटम करावा लागला तर एक्स्ट्रा आयटमचा प्रस्ताव कोणी लिहिला? एखाद्या शेतकऱ्याने धुऱ्याच्या वादात काम अडवलं, तेव्हा हिंड्रन्स रजिस्टरला (अडथळ्यांच्या नोंदवहीत) तारीख टाकून नोंद केली का? त्या नोंदीच्या आधारावर मुदतवाढ मिळून दंड टळला असेल, तर माझ्या मते ती तुमच्या रेझ्युमेतली सगळ्यात वजनदार ओळ ठरेल. पहिल्या पानावर घ्या.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. एक्सेलमध्ये बारचार्ट करत असाल तर तेवढंच लिहा. प्रिमावेरा (प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर) लिहिलं की आम्ही क्रिटिकल पाथ आणि फ्लोट विचारतो. ज्या कामांना उशीर झाला की सगळा प्रोजेक्ट लांबतो, त्यांची साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. शेवटची तारीख न हलता एखादं काम किती दिवस मागे सरकू शकतं, हा टोटल फ्लोट. तुमच्या एखाद्या रस्त्यावर कोणत्या कामाला फ्लोट होता आणि कोणत्याला नव्हता, हे सांगता येईल इतपत शिकून घ्या आणि मगच नाव टाका.

पद मात्र बदलू नका. 'साइट सुपरवायझर' तसंच ठेवा, पुढे 'साइटची स्वतंत्र जबाबदारी, थेट मालकाला रिपोर्टिंग' एवढं जोडा.

अर्ज_वाचणारी

दादा, मी नागपुरात एका बांधकाम कंपनीच्या एचआरमध्ये आहे, माहेर पुसदचं. वर्धाकाठ यांनी साइटचं सांगितलं, मी अर्ज पोहोचण्याचं सांगते.

धर्म, जात, वडिलांचं नाव, छंद, फोटो, शेवटचं प्रतिज्ञापत्र, सगळं काढा. सरकारी फॉर्मला ते लागतं, इथे जागा खातं. आठ वर्षांच्या अनुभवाला दोन पानं पुरेत. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअरमधून जातात. दुकानात टाइप केलेल्या रेझ्युमेत बहुतेक वेळा सगळं टेबलाच्या चौकटीत असतं आणि मोबाइल नंबर पानाच्या हेडरमध्ये. काही सॉफ्टवेअर ते वाचतच नाहीत, मग चांगला माणूस असूनही आमच्या पडद्यावर नाव-नंबर कोरा दिसतो. साधा मजकूर, एकच कॉलम. कागद स्कॅन करून पीडीएफ करू नका, वर्डमधूनच पीडीएफ काढा.

जाहिरात समोर ठेवून लिहा. त्यांनी 'बिलिंग', 'सबकॉन्ट्रॅक्टर मॅनेजमेंट', 'क्यूए-क्यूसी' (गुणवत्ता तपासणी) असे शब्द वापरले असतील आणि ते काम तुम्ही केलं असेल, तर तेच शब्द घ्या. रस्त्याच्या कंपनीला आणि इमारतीच्या कंपनीला एकच रेझ्युमे पाठवू नका. पहिल्या ठिकाणी रस्ते वर, दुसऱ्या ठिकाणी शाळाखोल्या वर.

आणि सुरुवातीलाच दोन-तीन ओळींचा सारांश द्या, त्यात 'बदलीच्या ठिकाणी राहण्याची तयारी' असेल तर नक्की लिहा. हायवेच्या जागांसाठी आम्ही हे आधी पाहतो.

मोर्शीचा_सिव्हिल

अनुभवपत्राचं मी सांगतो, कारण हे आपल्या भागात खूप होते अन् ज्याच्यावर बेतते तो माणूस एकटा पडते. खोटं पत्र बनवून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. मोठ्या कंपन्या पडताळणी करतात, त्यात सापडलं की लागलेली नोकरीही जाते.

त्या कामाच्या साइट ऑर्डर बुकात उपअभियंत्याच्या शेऱ्याखाली तुमची सही असेल. लॅबला क्यूब पाठवल्याच्या पत्रावर नाव असेल. पगार खात्यावर आला असेल तर बँकेचं स्टेटमेंट काढता येते. यातलं रेझ्युमेला काही जोडायचं नाही, विचारलं तर दाखवायला घरी फाइल तयार ठेवायची. आताच्या ठेकेदाराची बिलं किंवा दर मात्र बाहेर दाखवू नका, ते त्यांचे कागद आहेत. त्या काळातला एखादा शाखा अभियंता निवृत्त झाला असेल, तर त्याला भेटा, संदर्भ म्हणून नाव द्यायची परवानगी घ्या. आता जिथे आहात तिथे पीएफ कापला जात असेल तर यूएएन (पीएफ खात्याच्या) पासबुकातल्या तारखा अन् रेझ्युमेतल्या तारखा जुळल्या पाहिजेत, महिन्याचाही फरक नको.

पीएमपीचा (प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राचा) विचार करत असाल तर घाई करू नका. चार वर्षांची डिग्री असलेल्यालाही त्याला 36 महिन्यांचा प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव अन् 35 तासांचं प्रशिक्षण लागते, डिप्लोमावाल्याला अनुभव त्याहून जास्त दाखवावा लागते. फीही बरीच आहे. आधी रेझ्युमे सुधारा.

दारव्हा_साइट

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, टेबल काढून टाकले, दोन पानांत बसलं. शाखा अभियंता साहेबांना फोन केला, ते हो म्हणाले. वर्धाकाठ दादा, ही ओळ पाहून सांगा:

'ग्रामीण रस्ता, 5.2 किमी: शेतरस्त्याच्या वादामुळे दोन महिने अडलेल्या कामाची हिंड्रन्स नोंद ठेवून मुदतवाढ प्रस्ताव तयार केला, दंड न लागता काम पूर्ण. टीमचं नेतृत्व केलं.'

वर्धाकाठ

पहिला भाग उत्तम, शब्दही बदलू नका. फक्त वाद मिटला कसा ते अर्ध्या ओळीत घाला: भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणीचा नकाशा आणला की ग्रामपंचायतीत बैठक लावली, जे झालं ते. वाटाघाटी करणारा माणूस प्रत्येक कंपनीला पाहिजे. 'टीमचं नेतृत्व' काढा, तिथे लिहा किती मजूर, किती मुकादम, कोणती मशिनं. ग्रेडर आणि रोलर भाड्याचे होते की मालकाचे तेही टाका. भाड्याचे असतील तर रोजचं डिझेल आणि तासांचा हिशोब तुम्हीच ठेवत असाल, तो पुढच्या ओळीत घ्या.