लॉर्ड्सचे २२ रन

(सोसायटी ग्रुप, मंगळवार, १५ जुलै २०२५)

ए-१०१: इंग्लंडविरुद्धची लॉर्ड्सची टेस्ट काल हरलो. जिंकायला १९३ हवे होते, १७० वर संपलो. जडेजा ६१ नाबाद, १८१ चेंडू. एवढा सेट झालेला बॅट्समन समोर असताना थोडं आधीच मारायला नको होतं का?

सी-२०३: मलाही तेच वाटतं. बुमराहबरोबर २२ ओव्हर काढल्या आणि आले ३५ रन.

बी-५०२: दादा, वहिनी, दोघांनाही एकच सांगतो. जडेजा उतरला तेव्हा राहुलही जायच्या वाटेवर होता. ७१ रनवर ५ विकेट, ८१ वर ६, ८२ वर ७ आणि लंचच्या तोंडावर नीतीश वोक्सला कीपरकडे झेल देऊन गेला तेव्हा ११२ वर ८. अजून ८१ हवेत आणि मागे फक्त बुमराह-सिराज, दोघेही बॉलर. अशा वेळी खेळायची पद्धत ठरलेली असते. ओव्हरचे पहिले चार चेंडू स्वतः घ्यायचे, पाचव्या नाहीतर सहाव्यावर एक रन. कॅप्टनही तेच ओळखून असतो. पहिल्या चार चेंडूंना फील्डर लांब, सिंगल मोकळी. शेवटच्या दोन चेंडूंना सगळे आत. म्हणून समोर सिंगल दिसत असूनही पळायचं नाही, आणि म्हणूनच रन इतके हळू आले. बुमराह ५४ चेंडू खेळला, सिराज ३०. ते ८४ चेंडू टिकले म्हणून मॅच २२ वर आली, नाहीतर लंचनंतर अर्ध्या तासात संपली असती.

ए-१०१: पण काका, नवा चेंडू ८० ओव्हरला मिळणार होता. आपण संपलो ७४.५ ला. म्हणजे ३१ चेंडूच राहिले होते. आर्चर नव्या चेंडूने आला की सिराज किती टिकणार? जुना, मऊ चेंडू होता तोवरच रन काढायला हवे होते.

बी-५०२: हा मुद्दा खरा आहे, मान्य. त्यांचा स्पिनर बशीर, त्याच्या डाव्या हाताच्या बोटाला लागलं होतं, तरी तो बॉलिंगला आला. स्पिन समोर असताना एक-दोन चेंडू उचलायला हवे होते, इतकं मीही म्हणेन. पण त्यापलीकडे दोष जडेजाला नाही. २२ रन गेले दुसरीकडेच, आणि ते स्कोअरकार्डात दिसतात. इंग्लंडच्या बॅट्समननी दोन्ही डाव मिळून ३५६ + १६० केले, धावफलकावर मात्र ३८७ + १९२. फरक ६३, म्हणजे अवांतर, बॅटमधून न आलेले रन. त्यांनी आपल्याला दिले ३०. नुसत्या अवांतरात ३३ चा फरक, आणि हार २२ ची.

सी-२०३: दुसऱ्या डावात ३२ दिले? कसे काय?

बी-५०२: बहुतेक बाय, म्हणजे बॅटला न लागता कीपरच्या हातून निसटलेल्या चेंडूवरचे रन. पंतचं बोट पहिल्याच दिवशी दुखावलं, मग जुरेल कीपिंगला. (बदली कीपर २०१७ पासून अंपायरच्या परवानगीने चालतो.) लॉर्ड्सचं मैदान एका बाजूला जवळजवळ अडीच मीटर उतरतं. त्यात तिकडे वापरतात त्या ड्यूक्स चेंडूची शिवण ठसठशीत, तो स्टंप ओलांडल्यावरही हवेत डगमगतो. कीपर सरळ रेषेत हात नेतो आणि चेंडू उताराकडे सरकलेला असतो. अशा ठिकाणी अर्धं पाऊल उताराच्या बाजूला उभं राहायचं आणि शरीर चेंडूमागे न्यायचं, नुसते हात नाहीत.

डी-४०४: दुसऱ्या दिवशी चेंडू बदलला, त्याचंही बोला.

बी-५०२: ताई, तेच सांगणार होतो. दुसऱ्या नव्या चेंडूने बुमराहने सकाळी तीन विकेट झटपट काढल्या, इंग्लंड २७१ वर ७. मग जेमतेम साडेदहा ओव्हर झाल्यावर तो चेंडू अंपायरच्या आकार तपासायच्या कड्यातून गेला नाही. आकार बिघडला की बदलावाच लागतो, पण बदली चेंडू तेवढा हलला नाही. स्मिथ-कार्सने ८४ जोडले. स्मिथचा झेल ५ वर सुटला होता, त्याने ५१ केले.

सी-२०३: आणि पंतचा रनआउट?

बी-५०२: माझ्या मते सगळ्यात महाग चूक तीच. तिसरा दिवस, लंचआधीची शेवटची ओव्हर, राहुल ९८ वर. जोडी १४१ ची, सगळं हातात. राहुलला स्ट्राइक द्यायला पंत पळाला, स्टोक्सचा थेट फेक, ७४ वर गेला. लंचनंतर राहुलही १०० वर. पुढे ३७६ वर ६ असताना शेवटच्या चार विकेट ११ रनांत. डाव ३८७, त्यांच्याएवढाच. आघाडी शून्य. तिथे तीस-चाळीसची आघाडी असती तर शेवटच्या दिवसाचा सगळा हिशेबच वेगळा होता.

ए-१०१: हे पटलं. तरी सिराजचा तो बोल्ड अजून डोळ्यांसमोरून जात नाही. बॅटच्या मधोमध लागला होता हो चेंडू.

डी-४०४: माझा मुलगा सकाळपासून विचारतोय, बॅटला लागूनही आउट कसा?

बी-५०२: ताई, त्याला असं सांगा. बशीरचा ऑफस्पिनचा चेंडू सिराजने मागे जाऊन अडवला, हात घट्ट होते. अशा वेळी चेंडू पुढे मरत नाही, बॅटखालीच पडतो आणि अंगात फिरकी उरलेली असल्यामुळे मागे घरंगळतो. तो पायामागून स्टंपला लागला आणि एकच बेल पडली. टाळायचं कसं? खालचा हात सैल, बॅटचा दांडा पुढे झुकलेला, म्हणजे चेंडू क्रीजच्या पुढे पडतो. आणि फटका संपला तरी नजर चेंडूवरच. घरंगळायला लागला तर बॅटने किंवा पायाने ढकलायचा. नियम ३४ मध्ये याला परवानगी आहे, फक्त स्टंप वाचवायला आणि फील्डरचा हात लागण्याआधी. बॅट न धरलेल्या हाताने नाही, आणि कुणी झेल घेत असेल तर त्याला अडवून नाही.

डी-४०४: नेटमध्ये करून घेता येईल का?

बी-५०२: येईल. दहा पावलांवरून खालून फिरकी टाका, बारा चेंडू. प्रत्येक वेळी अडवल्यानंतर चेंडू पूर्ण थांबेपर्यंत मान वर करायची नाही. मागे आला तर बॅट लावायची. मान वर झाली की तो चेंडू मोजायचा नाही, पुन्हा टाकायचा.

ए-१०१: पुढची टेस्ट मँचेस्टरला, २३ जुलैपासून, दुपारी साडेतीनला. २-१ ने मागे आहोत. पंतचं बोट तोवर बरं व्हावं, बस.