मदत हवी आहे: सिग्नलची वेळ वाढवून घेण्यासाठी अर्ज कुठे करायचा?

नमस्कार मंडळी. आम्ही भांडुपला राहतो. सोमवारी आईला (वय 71) घेऊन एलबीएस रोड ओलांडत होते. हिरवा लागल्या लागल्या निघालो, तरी दुभाजकापर्यंत पोचेतो सिग्नल पडला. वीतभर दुभाजकावर दोघी उभ्या, पुढून बस, मागून डंपर. आईने मनगट इतकं घट्ट धरलं होतं की माझी बांगडी रुतली. तेव्हापासून ती भाजीलासुद्धा एकटी खाली उतरत नाही. रोज मंडईत जाणारी बाई हो ती, बघवत नाही.

फुटपाथची कथाही तीच. बाइक लावलेल्या, पेव्हर ब्लॉक उखडलेले. इंडियन रोड्स काँग्रेस (रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था) हिच्या आयआरसी 103 या मार्गदर्शक सूचनांनुसार चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी. मी टेप लावून मोजलं, औषधाच्या दुकानासमोर जेमतेम 60 सेंटीमीटर भरली. फेरीवाल्यांवर माझा राग नाही, आम्ही भाजी त्यांच्याकडूनच घेतो. बाइक मात्र हटायलाच हव्यात.

फुटपाथसाठी महापालिकेच्या 1916 वर तक्रार नोंदवतेय. पण सिग्नलचे सेकंद वाढवायचे तर अर्ज वाहतूक पोलिसांकडे की महापालिकेकडे? सोसायटीच्या लेटरहेडवर द्यावा की रहिवाशांच्या सह्या गोळा कराव्यात? सोबत व्हिडिओ जोडला तर उपयोग होतो का? तुमच्या भागात कुणी हे करून घेतलं असेल तर अर्जाचा मजकूर कृपया इथे टाका. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, त्याआधी मिळाला तर फार बरं होईल.