लाइफस्टाइल ब्लॉकवरचं घर (न्यूझीलंड): टाकीचं पाणी, सेप्टिक

प्रश्न – नवखा_ऑकलंडकर
ऑकलंडजवळच्या कुमेउच्या बाजूला एक हेक्टरचा लाइफस्टाइल ब्लॉक (गावाबाहेरची, घर असलेली मोठी जागा) बघतोय. घर 2016 चं, चार बेडरूम. घराचं छत 200 चौ.मी., गॅरेजचं 60, पण गॅरेजचं पाणी टाकीत येत नाही. छतावरचं पावसाचं पाणी साठवायची टाकी एकच, 25,000 लिटरची. सेप्टिक (सांडपाण्याची टाकी) एरेटेड, म्हणजे आत हवा सोडणारी आहे. आम्ही चौघं, उन्हाळ्यात आईबाबा येतील. पाणी पुरेल का? ऑफर देण्याआधी काय बघू?

पन्हळवाला
एक चौ.मी. छतावर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर. वर्षाला 1100 मिमी धरा, 15 टक्के वाया सोडा: घराच्या छतावरून 1,87,000 लिटर. चौघांना रोज 600 म्हणजे वर्षाला 2,19,000. तोटाच. गॅरेज जोडलंत तर 2,43,000 होतात. मात्र गॅरेजची पन्हळ टाकीच्या तोंडापेक्षा उंच हवी, नाहीतर तिथे वेगळी टाकी लागेल.

खरी अडचण उन्हाळ्याची. सहा माणसं, रोज 900 लिटर. भरलेली टाकी 28 दिवसांत तळाला. दुसरी टाकी घ्याच. दोन्ही खालून जोडा, पण प्रत्येकीला स्वतंत्र व्हॉल्व्ह ठेवा, म्हणजे एक धुताना दुसरी चालू राहते. फर्स्ट फ्लश डायव्हर्टर (पावसाचं पहिलं घाण पाणी टाकीबाहेर अडवणारी नळी) छताच्या चौ.मी.मागे अर्धा लिटर या हिशोबाने बसवा. त्याचं बारीक ठिबक-भोक पानांनी बुजलं की तो भरलेलाच राहतो आणि पुढच्या पावसाची सगळी घाण थेट टाकीत.

किवीकाका
पिण्याच्या पाण्यासाठी पंपानंतर 20 मायक्रॉनचा फिल्टर, मग 5 मायक्रॉनचा, शेवटी यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा), हाच क्रम. गढूळ पाण्यात यूव्हीचा प्रकाश पोचत नाही. दिवा वर्षाने बदलायचाच. पेटलेला दिसतो, पण जोर गेलेला असतो. दिव्याभोवतीची काचेची नळीही पुसून घ्या. वीज गेली की पंप बंद, म्हणजे नळही कोरडा.

घरात लाकडाची शेगडी असेल तर जुन्या कुंपणाचे ट्रीटेड (रसायन मुरवलेले) खांब जाळू नका. त्यातलं आर्सेनिक धुरातून छतावर बसतं आणि छतावरचंच पाणी आपण पितो.

नवखा_ऑकलंडकर
धन्यवाद! आणि सेप्टिक?

पन्हळवाला
सर्व्हिसचे रिपोर्ट मागा, बहुधा दर सहा महिन्यांचे असतात. नसतील तर तीच भाव पाडायची जागा. परवान्यात किती माणसांसाठी डिझाइन आहे ते वाचा. ब्लोअर (सेप्टिकमध्ये हवा सोडणारा पंप) बंद पडला की आधी वास येतो, मग गाळ जमिनीत पाणी सोडणाऱ्या ठिबकनळ्यांत जाऊन त्या तुंबतात, आणि नळ्या बदलणं ब्लोअरपेक्षा फार महाग. ठिबकनळ्यांच्या भागावर गाडी, गुरं दोन्ही नकोत. कपडे एकाच दिवशी चार खेपा धुऊ नका. तळणीचं तेल सिंकमध्ये तर मुळीच नाही, हे आईबाबांनाही आल्याआल्या सांगा.

किवीकाका
लिम रिपोर्टमध्ये (काउन्सिलकडून मिळणारी मालमत्तेची माहिती) पूररेषा बघा. कुमेउत 2021 आणि 2023 ला पाणी घुसलं होतं. गॅरेज किंवा शेड नंतर बांधलं असेल तर त्याचं कोड कम्प्लायन्स सर्टिफिकेट (बांधकाम नियमानुसार झाल्याचा दाखला) वेगळं मागा. आणि टँकरवाल्याचा ट्रक टाकीपर्यंत वळतो का, ते स्वतः उभं राहून बघा.