मदत हवी आहे: पोस्टग्रेस डेटाबेसवर बदलते फॉर्म बनवायला कोणतं साधन घ्यावं?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या वाचनालयाच्या नोंदी पोस्टग्रेसमध्ये आणल्या आहेत. टेबलं नीट झाली, अडलंय ते स्क्रीनपाशी. ‘पुस्तक’ निवडलं तर लेखक-प्रकाशकाचे रकाने दिसावेत, ‘दिवाळी अंक’ निवडला तर वर्ष-संपादकाचे. आणि उद्या नवा प्रकार आला की कोडला हात न लावता त्याचा फॉर्म तयार व्हावा, हे सगळ्यात महत्त्वाचं.

लिबरऑफिस बेसमध्ये साधे फॉर्म पटकन होतात, पण रकाने लपवायला मॅक्रो (छोटे प्रोग्रॅम) लिहावे लागतात. जँगो ॲडमिन, म्हणजे पायथनच्या जँगो फ्रेमवर्कमधले नोंदी भरायचे तयार स्क्रीन, मला मनापासून आवडलं. जँगोच्या इन्स्पेक्टडीबी या कमांडने जुन्या टेबलांवरून मॉडेलंही (टेबलांची पायथनमधली वर्णनं) काढून दिली. मात्र एकमेकांवर अवलंबून असलेल्या रकान्यांसाठी जावास्क्रिप्ट आलंच. मेटाबेस मुख्यतः अहवालांसाठी. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस नको, ते विंडोजवरच चालतं आणि आमचं एक मशीन लिनक्सवर आहे.

सगळं वाचनालयातल्याच संगणकावर, इंटरनेटशिवाय चालायला हवं. महिन्याचं शुल्क परवडणार नाही. नोंदी भरणारे काका-काकू मराठी आणि गुजराती दोन्ही टाइप करतात. मला पायथन येतं, रिॲक्ट (स्क्रीन बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) नाही.

रकान्यांची माहिती जेसनबीमध्ये (पोस्टग्रेसचा लवचिक डेटा-प्रकार) ठेवून जँगोतच फॉर्म बनवत राहू, की ॲपस्मिथ किंवा बडीबेस यांसारखं कमी कोडमध्ये स्क्रीन बनवणारं साधन आमच्याच मशीनवर बसवू? ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सांगा, नवा प्रकार वाढवताना यातलं कोणतं कमी अडतं?